एक्स्चेंज बोनस

जानेवारीत ब्राह्मीची बदली खानापूरला झाली आणि महिनाभरातच तिनं गाडी घ्यायचं ठरवलं. ती पाटबंधारे खात्यात कारकून होती. वय अडतीस. बेळगावात शहापूरला दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहायची. लग्नाच्या वयात वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, आजारपण सुरू झालं. त्यांना दवाखान्यात न्यायचं, आणायचं, पथ्याचं बघायचं, यात आठ वर्षं गेली. आप्पा गेले तोवर तिच्या लग्नाचं कुणी विचारेनासं झालं होतं, आणि तिलाही त्याचं फारसं काही वाटेनासं झालं होतं. आता मात्र रोजच्या बसनं ती टेकीला आली होती. सकाळी खानापूर गाडीत एका पायावर उभं राहायचं, आणि ऑफिस उशिरा सुटलं की परतीला काय मिळेल याचा भरवसा नाही.

निपाणीजवळ अकोळला तिचं माहेर. तिथं आई, धाकटा भाऊ अरिहंत आणि त्याची बायको सोनल. अरिहंतचं निपाणीत खत-बियाणांचं दुकान होतं. शनिवारी घरी गेल्यावर ब्राह्मीनं जेवताना गाडीचा विषय काढला, तसा त्यानं हात मध्येच थांबवला.

"शोरूमला तू एकटी जायचं न्हाय, आक्का. बाईमाणूस बघितलं की ती लोकं दर चढवत्यात. मी येतो. तिथला मॅनेजर वृषभ माझ्या हॉस्टेलातला हाय."

"मी सगळं काढून ठेवलंय रं," ती म्हणाली. "कंपनीच्या वेबसाइटवर बघितलंय. जुनी गाडी दिली तर तिच्या किमतीशिवाय एक्स्चेंज बोनस चाळीस हजार. सरकारी नोकराला वेगळे पंधरा. डीलर काय सोडंल ते वेगळं."

"वेबसाइटवर लई काय काय असतंय," अरिहंत हसला. "तू कागदपत्रं तेवढी घेऊन ये."

जुनी गाडी आप्पांची होती. करड्या रंगाची, बारीकशी, तेरा-चौदा वर्षांची. शेवटची चार वर्षं तिचा सगळा खर्च ब्राह्मीनंच केला होता. ती देऊन टाकायची म्हणजे आप्पांच्या वारसांच्या सह्या लागणार होत्या. आईनं केली, अरिहंतनं केली, ब्राह्मीनंही केली. सह्या करायची तिला सवय होती. मागच्या वर्षी निपाणीच्या रजिस्टर ऑफिसात तिनं शेतातला आपला वाटा अरिहंतच्या नावानं सोडून दिला होता. पावणेतीन एकर. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आई म्हणाली, तो कसतोय, त्याच्या नावावर असलेलं बरं; आणि तिनं सही केली. परत येताना अरिहंतनं तिला हॉटेलात थांबवून लोणीडोसा खायला घातला होता.

शोरूम बेळगावच्या हायवेला होतं. काचेच्या भिंती, आत सहा गाड्या, प्रत्येकीवर फुग्यांचा गुच्छ. त्यांच्याशी बोलायला आला तो राजकुमार नावाचा माणूस. चाळिशी ओलांडलेला, कंपनीच्या शर्टावर टाय. टायची गाठ तो सारखी सैल करायचा. बोलता बोलता कळलं की तो वडगावचा. घरचे चार पॉवरलूम होते, ते तीन वर्षांपूर्वी विकले आणि इथं लागला.

"साड्यांचं आता काय राहिलं न्हाय, मॅडम," तो एवढंच म्हणाला आणि गाडीचं दार उघडून दाखवू लागला.

ब्राह्मीला पांढरी गाडी आवडली. ती आत बसली, स्टिअरिंगवर हात ठेवला, आरसा आपल्या उंचीला जुळवला. तो आरसा जुळवताना तिला फार बरं वाटलं.

मग अरिहंतनं सौदा सुरू केला. त्यानं खिशातून कोल्हापूरच्या डीलरचं कोटेशन काढून टेबलावर आपटलं.

"हे बघा. कोल्लापूरवाला पंचवीस हजार सोडालाय. तुमी दहावरच अडून बसलायसा."

"सर, तिकडं घेतली तर पासिंग तिकडचं," राजकुमार म्हणाला. "मॅडम राहणार बेळगावात. वर्षभरात इकडचा टॅक्स भरावाच लागणार. मग ते पंचवीस कुठं जातील?"

"ते मी बघतो. तुमी आकडा बोला."

"पंधरा करतो, सर. मॅट फ्री देतो."

"चल आक्का, ऊठ."

अरिहंत खरंच उठला आणि दारापर्यंत गेला. राजकुमार मागे धावला. असं दोनदा झालं. सीट कव्हर आलं, मडफ्लॅप आले, पाच लिटर पेट्रोल आलं. चार्जरवरून वाद झाला. इन्शुरन्स बाहेरून काढतो म्हणून अरिहंतनं धमकी दिली, तेव्हा त्यातलेही तीन हजार कमी झाले. शेजारच्या टेबलावरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ब्राह्मी खुर्चीत बसून भावाकडे बघत होती. आप्पा गेल्यापासून आपल्यासाठी कुणी असं भांडलेलं तिला आठवत नव्हतं. दवाखान्यात, बँकेत, घरमालकाशी, सगळीकडे तीच भांडत आली होती.

एकदाच ती मध्ये बोलली. "आणि तो एक्स्चेंज बोनस? सरकारी नोकरांचा?"

अरिहंतनं मान हलवली. "ते मागच्या वर्षीच्या गाड्यांवर हुतं गं. नव्या मॉडेलला न्हाय. मी इचारलंय वृषभला."

तिनं राजकुमारकडे बघितलं. तो संगणकाच्या पडद्याकडे बघत होता.

शेवटी वृषभ स्वतः केबिनमधून बाहेर आला. गोरा, जाडसर, हातात दोन फोन. "आक्का, नमस्कार. तुमच्या भावानं आमचं दुकान बंद पाडायचं ठरवलंय," असं म्हणून हसला. मग अरिहंतच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आत ये, शेवटचं बोलूया."

दोघं वीस मिनिटं आत होते. काचेतून ती त्यांना बघत होती. एकदा वृषभनं कॅल्क्युलेटर अरिहंतकडे सरकवला आणि दोघं हसले. जुने मित्र आहेत, असं तिला वाटलं.

बाहेर राजकुमार टेबलावरच्या पेनांशी चाळा करत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कोटेशनची पूर्ण प्रिंट देऊ? सगळ्या रकान्यांची. घरी निवांत बघितलं तर बरं पडतं."

"नको, भाऊ बघतोय की सगळं."

"तरी पण स्वतः एकदा..."

केबिनचं दार उघडलं. राजकुमारनं प्रिंटरकडे वळवलेला हात मागे घेतला.

वीस हजारांवर सौदा ठरला. अरिहंतनं बोटांनी दोनचा आकडा करून दाखवला, जिंकून आल्यासारखा. परत जाताना तो म्हणाला, "बघितलंस? एकटी आली असतीस तर दहावर गप बसवलं असतं तुला." आणि ब्राह्मी मनापासून म्हणाली, "व्हय रं. तू होतास म्हणून."

पाडव्याला गाडी मिळाली. त्या दिवशी शोरूममध्ये जत्रा लोटली होती. आई आणि सोनल अकोळहून आल्या. आईनं गाडीला हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. राजकुमारनं चौदा ठिकाणी सह्या घेतल्या. तो बोट ठेवेल तिथं ब्राह्मी सही करत गेली, मागे दुसरे लोक खोळंबले होते. फोटो निघाले. किल्लीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात घेऊन ती आणि अरिहंत उभे राहिले. निघताना अरिहंत तिच्या खिडकीशी वाकला.

"कंपनीचा फोन येईल एक-दोन आठवड्यात. सगळ्याला व्हय म्हणायचं, मार्क इचारले की दहापैकी दहा. न्हायतर त्या राजकुमारचा पगार कापत्यात."

"म्हणते की."

त्याच आठवड्यात अरिहंतनं दुकानासाठी नवी पिकअप घेतली. त्याच मालकाच्या, पलीकडच्या शोरूममधून. त्याचं तिला कौतुकच वाटलं.

फोन आला तो बाराव्या दिवशी, दुपारी, ऑफिसात. समोर फायलींचा ढीग होता. फोनवरची मुलगी हिंदीत बोलत होती, पाठ केल्यासारखी भराभर. गाडी कशी आहे? चांगली आहे. सेल्समन नीट वागला? हो, फार नीट. मार्क? दहापैकी दहा. मग त्या मुलीनं विचारलं, आपल्याला एक्स्चेंज बोनसचे चाळीस हजार मिळाले, बरोबर?

ब्राह्मी म्हणाली, "कसले?"

मुलीनं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हटलं. पुढचंही म्हटलं. सरकारी कर्मचारी सवलत, पंधरा हजार. दोन्ही रकमा कंपनीनं आपल्यासाठी मंजूर केल्या आहेत. मिळाल्या का? फक्त हो किंवा नाही सांगा.

तिला सगळ्याला व्हय म्हणायचं होतं. तसं ती ठरवूनच बसली होती. पण सरकारी खात्यात हिशेब सांभाळत सोळा वर्षं काढलेली बाई होती ती. न मिळालेली रक्कम मिळाली असं तिच्या तोंडातून निघेना.

"नाही," ती म्हणाली. "मला वीस हजार मिळाले. डीलरनं दिलेले. हे नाही."

"दोन्हीसाठी नाही?"

"दोन्हीसाठी नाही."

मुलीनं आभार मानले आणि फोन ठेवला. संध्याकाळी ब्राह्मीनं शोरूमचे कागद काढून वाचले. चौदा सह्यांपैकी बाराव्या सहीच्या वर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, की कंपनीचे सर्व लाभ मला मिळाले असून माझी कोणतीही तक्रार नाही. खाली दोन्ही रकमा होत्या. त्याखाली तिची सही, वळणदार, घाईतली नव्हेच अशी.

आठच्या सुमाराला अरिहंतचा फोन आला.

"काय सांगितलंस तू कंपनीला?"

"जे झालं ते."

"तुला मी काय सांगितलं हुतं? वृषभ माझ्यावर पेटलाय. गिऱ्हाइकाला दिलेले पैसे ते कंपनीकडनं मागून घेत्यात, तो क्लेम अडकला त्येंचा."

"पैसे कुठं गेले, अरिहंत?"

तो म्हणाला, "पिकअपच्या डाउन पेमेंटला कमी पडत हुतं. वृषभनं तिकडं वळवून दिलं. घरातल्या घरातच हाय की. मी काय बाहेर दिलं का कुणाला?"

"मग माझ्याकडं मागायचं होतंस."

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"दिलं असतं."

हे खरं होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. तिला वाटलं, आता तो चुकलं म्हणेल. तो म्हणाला, "पंचावन्न हजारांसाठी तू भावाला चोर ठरवालीस, आक्का?" आणि फोन ठेवला.

त्या रात्री तिला पावणेतीन एकर आठवले. ती जमीन देताना काही वाटलं नव्हतं, आणि या पैशांनी मात्र काळजाला घरं पडल्यासारखं झालं होतं. जमीन आप्पांची होती, दिली गेली. ही गाडी तिनं एकटीनं, स्वतःच्या पगारातनं घेतली होती. आणि त्या दिवशीचं ते भांडण, दारापर्यंत जाणं, परत येणं, शेजारच्यांनी वळून बघणं! ती खुर्चीत बसून भावाकडे ज्या डोळ्यांनी बघत राहिली होती ते आठवून तिला एकटीलाच लाज वाटली.

तिनं आईला फोन केला. आई म्हणाली, "त्याला पोरंबाळं हाईत, धंदा हाय. तुला एकटीला काय कमी हाय गं?" मग तिनं आण्णाप्पामामांना सांगितलं. आण्णाप्पा म्हणजे आईचा थोरला भाऊ, चिकोडीकडचा. घरात काही झालं की त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "चुकलंय त्याचं," ते म्हणाले. "पैशाचं सोड, पण बहिणीला फसवायचं म्हणजे काय? पुढच्या रविवारी अकोळला बसूया. मी त्याला तुझ्यासमोर कबूल करायला लावतो." ब्राह्मीला पैसे परत नकोच होते. तिला एवढंच हवं होतं, की कुणीतरी तिच्यासमोर चुकलं म्हणावं.

मधल्या बुधवारी गाडीची पहिली सर्व्हिसिंग होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती शोरूमला गेली. राजकुमार दिसला नाही. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर ती आजूबाजूला बघून म्हणाली, "त्यांना काढलं, मॅडम. सोमवारी."

ब्राह्मी सरळ वृषभच्या केबिनमध्ये गेली. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, कॉफी मागवली.

"राजकुमारनं काय केलं?"

"आक्का, कंपनीनं क्लेम नाकारला. वरनं विचारणा झाली, गिऱ्हाइकाला लाभ का पोचवला नाही. कुणाचं तरी नाव लिहावं लागतं. गाडी त्यांनी विकलेली, सह्या त्यांनी घेतलेल्या."

"पैसे तुम्ही वळवलेत. तुम्ही आणि अरिहंतनं. इथं बसून."

"तसं कुठं लिहिलंय?" वृषभ अगदी मऊ आवाजात म्हणाला. "पंचावन्न हजारांची वसुली त्यांच्याकडनं होणार. दोन महिन्यांचा इन्सेंटिव्ह धरून ठेवलाय. मला काय आनंद आहे का यात? तुम्ही फोनवर एक शब्द वेगळा बोलला असता, तर कुणाचंच काही गेलं नसतं."

कॉफी न घेता ती उठली. काउंटरवरच्या मुलीकडून पत्ता घेतला आणि तशीच वडगावला गेली.

गल्ली अरुंद होती. नवी गाडी तिला तोंडाशीच लावावी लागली. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट येत होता. राजकुमारच्या घरी त्याची बायको सुवर्णा दारात साडीचे गोंडे वळत बसली होती. ब्राह्मीनं नाव सांगितलं तसे तिचे हात थांबले. तिनं काही विचारलं नाही, बस म्हणाली नाही. समोरच्या शेडकडे बोट केलं आणि पुन्हा गोंडे वळायला लागली.

राजकुमार दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं उभा होता. बनियन, केसांवर कापसाचा भुरका. तिला बघून त्यानं माग बंद केला. बाकीचे चालूच होते, म्हणून दोघांना ओरडून बोलावं लागलं. मग तो तिला बाहेर घेऊन आला.

"मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "माझ्यामुळं तुमच्यावर येईल असं वाटलं नव्हतं."

"तुम्ही खरं बोलला, मॅडम. त्यात काय."

"तुम्हाला माहीत होतं ना? त्या दिवशी?"

"व्हय," तो म्हणाला. "महिनाअखेर होती. अकरा गाड्यांचं टार्गेट, तुमची अकरावी. मॅनेजर सांगेल तसं करायचं असतंय. मी प्रिंट देतो म्हणालो, पण जोर लावून म्हणालो न्हाय. तेवढं माझं चुकलंच."

या सगळ्यात 'माझं चुकलं' हे शब्द पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासमोर उच्चारले होते, आणि तेही याच माणसानं. तिनं पर्स उघडली. "वसुलीचे पैसे मी भरते."

"नको." त्यानं हात मागे घेतले. "पैसे भरून नोकरी मिळत न्हाय. एक काम करा, होत असलं तर." हे आधीच ठरवून ठेवलेलं असावं, असं त्याच्या बोलण्यावरून वाटलं. "कंपनीला लिहून द्या. फोनवर ऐकण्यात चूक झाली, लाभ सगळे मिळालेत, म्हणून. सहीनिशी. तसं लिहून आलं तर क्लेम पास होतो. मग मला परत घेतो म्हणालेत."

"कोण म्हणालं? वृषभ?"

तो खाली बघू लागला. "धाकटी दहावीला हाय, मॅडम. मजुरीवर भागत न्हाय."

सोळा वर्षांत तिनं खोट्या कागदावर सही केली नव्हती. त्यापायी ऑफिसात दोनदा भांडणं झाली होती, एकदा बदलीही झाली होती. समोर राजकुमार केसांतला भुरका झटकत होता, आणि तो काही केल्या जात नव्हता.

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिनं लिहिलं. त्यानंच मजकूर सांगितला. एक्स्चेंज बोनस रुपये चाळीस हजार, सरकारी कर्मचारी सवलत रुपये पंधरा हजार, दोन्ही मला पूर्णपणे मिळाले आहेत. भाषेच्या अडचणीमुळे दूरध्वनीवर गैरसमज झाला. त्याबद्दल दिलगीर आहे. खाली सही. राजकुमारनं तिथंच फोनवर फोटो काढून वृषभला पाठवला. त्याचे डोळे भरून आले होते. सुवर्णा आता चहा घेऊन आली. ब्राह्मीनं तो उभ्यानंच घेतला.

रविवारी ती अकोळला गेली. आण्णाप्पामामा सकाळीच आले होते. दुपारची जेवणं झाल्यावर सोप्यात सगळे बसले. मामांनी घसा साफ करून सुरुवात केली.

"अरिहंत, तुझी बहीण काय म्हणत्या ते खरं काय?"

"काय म्हणत्या?" अरिहंत म्हणाला. "पैसे मिळाले न्हाईत म्हणूनच ना? मामा, मी तोंडानं काय बोलत न्हाय. हे वाचा."

त्यानं फोन मामांच्या हातात दिला. मामांनी चष्मा लावला. पत्र त्यांनी मोठ्यानं वाचलं, सावकाश, एकेक शब्द. पूर्णपणे मिळाले आहेत. गैरसमज झाला. दिलगीर आहे. सोनल दाराला टेकून ऐकत होती. आईनं कपाळावर हात मारला.

"ही सही तुझीच न्हवं?" मामांनी विचारलं.

ब्राह्मीनं फोनकडे बघितलं. "व्हय."

"कुणी जबरदस्तीनं घेतली?"

तिनं अरिहंतकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, न घाबरता. सगळं त्याला ठाऊक होतं. वडगाव, राजकुमार, सगळं. वृषभनं पत्र पाठवताना तेही सांगितलंच असणार. आता ती खरं बोलली असती, तर ते पत्र खोटं ठरलं असतं. संध्याकाळपर्यंत वृषभला कळलं असतं, आणि उद्या राजकुमार पुन्हा मागावर. हे सगळं अरिहंतनं गृहीत धरलं होतं.

"न्हाय," ती म्हणाली. "मीच दिली."

"मग गं पोरी?" मामांचा आवाज चढला. "मला चिकोडीहून हितवर आणलंस, घरादाराला घोर लावलास. एवढ्या शिकलेल्या बाईला फोनवरचं बोलणं कळत न्हाय? भावावर आळ घालण्याआधी जरा चौकशी करायची. त्याला चुकलं म्हण."

बाहेर नवी पिकअप उभी होती, तिच्यावरच्या माळेतली फुलं सुकून काळी पडली होती.

"चुकलं माझं," ब्राह्मी म्हणाली.

"असू दे, आक्का," अरिहंत म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला. "हुतं असं कवाकवा. मी काय मनात धरत न्हाय."

आईनं डोळे पुसले आणि सोनलला चहा ठेवायला सांगितलं. मामा लगेच उसाच्या बिलाबद्दल बोलायला लागले. ब्राह्मी पर्स घेऊन उठली. राहा म्हणून आईनं दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. हायवेला लागेपर्यंत तिला रडू आलं नाही, आणि पुढेही आलं नाही. संकेश्वरच्या पुढे एका ठिकाणी गाडी कडेला घेऊन ती बराच वेळ नुसती बसून राहिली. ट्रक जायचे तशी गाडी हलायची.

क्लेम पास झाला. राजकुमारला परत घेतलं, पण बेळगावच्या शोरूमला नाही. खानापूर रस्त्याला कंपनीचं एक छोटं आउटलेट होतं, दोन गाड्यांचं, तिथं. पगार आधीपेक्षा कमी, आणि अडकलेला इन्सेंटिव्ह मिळालाच नाही. ब्राह्मी रोज साडेनऊला तिथून जाते. तो बाहेर उन्हात उभा असतो, टाय सैल केलेला. तिची गाडी ओळखून हात वर करतो. तीही करते.

मे महिन्यात एकदा त्याचा फोन आला. आवाज पुन्हा शोरूममधला झाला होता, गोड आणि घाईचा.

"मॅडम, कंपनीनं नवीन स्कीम आणल्यात. एक्स्चेंज बोनस पंचेचाळीस हजार केलाय. तुमच्या ऑफिसात कुणी घेणारं असलं तर सांगा. महिनाअखेर आहे, दोन गाड्या कमी पडायल्यात."

ब्राह्मीच्या समोरच्या टेबलावर नवीन लागलेली मुलगी बसायची. ती गेले आठ दिवस गाड्यांचे दर विचारत होती. भाऊ येणार आहे म्हणे सोबत सौदा करायला.

"सांगते," ब्राह्मी म्हणाली, आणि फोन ठेवून फाइल पुढे ओढली.